शिरेवाटे द्रव देणाऱ्या सुवाह्य पंपाची घडण : एक ऐतिहासिक विवेचन

शिरेवाटे रोग्याच्या शरीरात द्रव सोडण्याच्या उपचाराचा इतिहास सांगताना बहुधा द्रवांचाच इतिहास सांगितला जातो. मीठपाणी प्रथम कोणी दिले, त्यात क्षारांचे प्रमाण कसे ठरत गेले, रक्त व रक्तरस देण्याची प्रथा केव्हा रूढ झाली, हे प्रश्न अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिले आहेत. ज्या साधनाने तो द्रव शिरेत पोहोचतो, त्या साधनाच्या घडणीकडे मात्र त्या मानाने लक्ष गेलेले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे साधन रोग्याच्या खाटेपासून सुटून त्याच्या कमरेला किंवा खिशात आले. या स्थित्यंतराची मीमांसा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

द्रव ढकलण्यासाठी पुरेशी शक्ती लहानशा यंत्रात कशी साठवावी, हाच सुवाह्य पंपाच्या रचनेतील मुख्य प्रश्न असावा, असे सकृद्दर्शनी वाटते. पण इतिहास वेगळेच सांगतो. शक्तीचा प्रश्न बराच लवकर सुटला. खरा प्रश्न देखरेखीचा होता. खाटेजवळ टांगलेल्या बाटलीभोवती काही राखणदार आपोआप उभे असतात. यंत्र रोग्याबरोबर हिंडू लागले की ते एकेक करून मागे राहतात. मागे राहिलेला प्रत्येक राखणदार पंपाच्या रचनाकाराला पुन्हा निर्माण करावा लागला आहे, आणि जेथे त्याला त्याचा विसर पडला तेथे रोग्याला त्याचे मोल द्यावे लागले आहे.

(१) आरंभ

विल्यम हार्वीने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला, तेव्हाच शिरेत घातलेला पदार्थ सर्व शरीरभर पसरेल ही कल्पना तर्कतः शक्य झाली. १६५६ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे ख्रिस्तोफर रेनने कुत्र्याच्या शिरेत मद्यात कालवलेली अफू सोडून पाहिली. त्याचे साधन म्हणजे पक्ष्याच्या पिसाची पोकळ नळी आणि तिला बांधलेली प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी. द्रवाचा साठा, त्याला दाब देणारी काही योजना आणि शिरेत शिरणारी नळी हे आजच्या पंपाचे तीन घटक त्या ओबडधोबड साधनातही दिसतात. नव्हता तो फक्त चौथा घटक : किती द्रव, किती वेळात जात आहे हे सांगणारे माप.

या मापाची व देखरेखीची उणीव किती घातक असते, हे पटकीच्या साथीत दिसून आले. १८१७ पासून बंगालमधून पसरत गेलेली पटकी १८३१ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर संडरलंड येथे पोहोचली. विल्यम ब्रूक ओ'शॉघ्नेसी या तरुण वैद्याने तेथील रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक परीक्षण केले आणि त्यातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात नाहीसे झालेले असतात असे दाखवून दिले. (हाच ओ'शॉघ्नेसी पुढे हिंदुस्थानात आला, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक झाला आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा व मुंबई यांना जोडणाऱ्या तारायंत्राच्या उभारणीचा प्रमुख म्हणून प्रसिद्धीस आला.) त्याच्या निष्कर्षाच्या आधारे स्कॉटलंडमधील लीथ येथील थॉमस लट्टा याने १८३२ च्या मे महिन्यात एका मरणोन्मुख वृद्ध स्त्रीच्या बाहूतील शिरेत पिचकारीने क्षारयुक्त पाणी सोडण्यास आरंभ केला. सुमारे अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरांहून अधिक द्रव देण्यात आला. थंडगार पडलेल्या त्या स्त्रीच्या अंगात ऊब आली, नाडी लागली, डोळ्यांत तेज आले. लट्टा तिला रुग्णालयातील वैद्याच्या स्वाधीन करून निघून गेला. थोड्याच वेळाने वांत्या व जुलाब पुन्हा सुरू झाले, आणि सुमारे साडेपाच तासांनी ती स्त्री मरण पावली. उपाय पुन्हा योजला असता तर ती वाचली असती, असे लट्टाने स्वतःच नमूद केले आहे.

या प्रसंगाकडे द्रवचिकित्सेचा पहिला प्रयोग म्हणून पाहण्याची रीत आहे. साधनाच्या इतिहासकाराला मात्र त्यात दुसरीच गोष्ट दिसते. द्रव योग्य दिशेचा होता, पिचकारीची शक्ती पुरेशी होती. अपुरे पडले ते सातत्य. वैद्य दूर होताच उपचारही थांबला, कारण उपचाराची गती, त्याचा काल आणि त्याची राखण ही तिन्ही एका मनुष्याच्या हातात होती. लट्टा १८३३ साली मरण पावला, साथही ओसरली, आणि ही पद्धत अनेक दशके मागे पडली.

(२) टांगलेली बाटली आणि तिचे राखणदार

या पद्धतीला स्थैर्य येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सायबर्टने असे दाखवले की, शिरेवाटे द्रव दिल्यावर रोग्याला भरणाऱ्या हिवतापासारख्या थंडीचे कारण ऊर्ध्वपातित पाण्यात राहून गेलेली जंतुजन्य द्रव्ये होत. १९२४ मध्ये न्यू ऑर्लीन्सचे शल्यविशारद रूडॉल्फ मटास यांनी सतत थेंब-थेंब द्रव देण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. १९३० च्या दशकात कारखान्यात तयार केलेल्या निर्जंतुक बाटल्या अमेरिकेत मिळू लागल्या. रोग्याच्या खाटेशेजारी दांडीला टांगलेली बाटली, खाली थेंब दिसणारी काचेची नळी, नंतर रबरी नळी, तीवर चिमटा आणि शेवटी सुई, अशी जी मांडणी आपल्याकडे लोकव्यवहारात 'सलाईन लावणे' या शब्दांनी ओळखली जाते, ती या काळात स्थिरावली.

ही मांडणी दिसते तितकी साधी नाही. पाण्याच्या १ मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर इतका असतो. हाताच्या शिरेतील दाब याहून पुष्कळच कमी असल्याने द्रव सहज आत जातो. पण सुई शिरेबाहेर सरकली किंवा नळीत अडथळा आला, तर दाब या ७४ मिलिमीटरांच्या वर कधीही चढत नाही. प्रवाह मंदावतो किंवा थांबतो. बाटली रिकामी झाली तर नळीतील द्रवाचा स्तंभ शिरेतील दाबाशी समतोल साधून थबकतो, आणि हवा सहसा शिरेपर्यंत पोहोचत नाही. हे दोन राखणदार गुरुत्वाकर्षणाने फुकट दिलेले आहेत.

तिसरा राखणदार थेंब. साधारणतः २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो असे धरले, तर १००० मिलिलिटर द्रव ८ तासांत द्यावयाचा असता मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडावयास हवेत. परिचारिका हातातील घड्याळाकडे पाहून थेंब मोजते व चिमटा सैल किंवा घट्ट करते. थेंब हे मापही आहे आणि चिन्हही आहे. खोलीच्या दारातून जाता जाता नजर टाकली तरी तो पडतो आहे की नाही हे कळते. चौथा राखणदार म्हणजे अर्थातच ती परिचारिका.

या पद्धतीचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. फ्रेंच संशोधक प्वाझाय याने १८४० च्या दशकात बारीक नळ्यांतील प्रवाहाचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांनुसार प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह एक षोडशांश होतो. म्हणजे चिमट्याखालची रबरी नळी किंचित दबली किंवा सैलावली, तरी गती फार बदलते. रोग्याने कूस बदलली, हात वर केला, तरी तोच परिणाम. मीठपाण्याच्या बाबतीत हा फरक बहुधा सोसवतो. पण ज्या औषधाची मात्रा व विष यांमधील अंतर थोडे, त्याच्या बाबतीत तो सोसवत नाही. पंपाची आवश्यकता प्रथम भासली ती येथे.

(३) चालता रोगी

लवचीक नळी लाटणीने दाबीत पुढे नेऊन द्रव ढकलण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होती. १९३४ मध्ये मायकेल डबेकी यांनी ती रक्तसंक्रमणासाठी वापरली. दुसरी युक्ती म्हणजे मळसूत्र फिरवून सिरिंजचा दट्ट्या सावकाश पुढे सरकवणे. प्रयोगशाळांतून अशी यंत्रे १९५० च्या दशकात प्रचारात आली. या दोन युक्तींनी शक्ती व माप या दोन्ही गोष्टी साध्य केल्या. पण ही यंत्रे मेजावर ठेवावयाची आणि भिंतीतील विजेवर चालावयाची होती.

रोगी चालता राहून औषध चालू राहावे, ही निकड प्रथम कर्करोगाच्या चिकित्सेत तीव्रतेने जाणवली. काही औषधे रोगग्रस्त इंद्रियाकडे जाणाऱ्या धमनीतून दिवसेंदिवस सोडावी लागत. धमनीतील दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. त्यावर मात करण्यास बाटली सुमारे १.४ मीटरांहून अधिक उंच टांगावी लागेल. अशा रोग्याला हिंडणे अशक्यच. १९६३ मध्ये बॉस्टनच्या लेही क्लिनिकमधील एल्टन वॉटकिन्स यांनी घड्याळाच्या यंत्रणेवर चालणारा, रोग्याने अंगावर बाळगावयाचा पंप वैद्यकीय जगापुढे मांडला. त्याच सुमारास लॉस एंजेलिस येथे आर्नल्ड केडिश यांनी रक्तातील साखर सतत मोजून त्याप्रमाणे इन्शुलिन सोडणारे यंत्र रचले. पण ते पाठीवरच्या पिशवीएवढे अवजड असल्यामुळे व्यवहारात रुजले नाही. या दोन प्रयत्नांची तुलना उद्बोधक आहे. वॉटकिन्स यांनी यंत्रावर केवळ गती राखण्याचे काम सोपवले, केडिश यांनी निर्णयही सोपवला. पहिले काम १९६० च्या दशकातील साधनांनी खिशात मावण्याजोगे झाले. दुसऱ्याला पुढची अनेक दशके लागली.

(४) मिलिमीटर आणि मिलिलिटर

ब्रिटनमधील मार्टिन राइट यांनी १९७० च्या दशकात तयार केलेला सिरिंज-चालक हा या इतिहासातील मध्यवर्ती टप्पा होय. थॅलसेमियाच्या रोग्यांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातून साचणारे लोह काढण्यासाठी डेस्फेरिऑक्सामाइन हे औषध रात्रीचे आठ ते बारा तास, आठवड्यातील बहुतेक रात्री, सावकाश द्यावे लागते. येथे द्रव शिरेऐवजी त्वचेखाली जातो. परंतु यंत्रापुढील प्रश्न तोच. राइट यांचे यंत्र लहान बॅटरीवर चाले. त्यातील मोटार थांबून थांबून किंचित फिरे आणि मळसूत्राच्या योगे दट्ट्या पुढे सरके. १९७९ च्या सुमारास हेच यंत्र असाध्य कर्करोगाच्या रोग्यांना वेदनाशामके देण्यासाठी वापरात आले, आणि घरी मरण येऊ देण्याची कित्येकांची इच्छा त्यामुळे पुरी होऊ शकली. १९७८ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील पिकप, कीन व त्यांचे सहकारी यांनी मिल हिल येथे तयार झालेल्या अशाच छोट्या यंत्राने मधुमेहींना त्वचेखालून अखंड इन्शुलिन देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. अमेरिकेत १९७६ मध्ये डीन केमेन यांनी अंगावर बाळगावयाच्या सिरिंज-पंपांसाठी स्वतंत्र उद्योग स्थापला.

राइट यांच्या परंपरेतील यंत्रांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांवरील गती मिलिलिटरांत नसून मिलिमीटरांत होती. यांत्रिक दृष्ट्या हे सर्वस्वी प्रामाणिक होते. यंत्राला दट्ट्या किती सरकला एवढेच कळते; सिरिंजची पोकळी किती रुंद आहे हे कळत नाही, आणि निरनिराळ्या कारखान्यांच्या सिरिंजांत ती निरनिराळी असते. म्हणून परिचारिकेने पट्टीने द्रवाची लांबी मोजावी व भागाकार करावा अशी अपेक्षा होती. पुढे दिसण्यात जवळजवळ सारखी अशी दोन प्रकारची यंत्रे प्रचारात आली : एकावरील आकडा तासाला किती मिलिमीटर हे सांगे, दुसऱ्यावरील २४ तासांना किती मिलिमीटर हे सांगे. सिरिंजमध्ये द्रवाची लांबी ४८ मिलिमीटर असून ती एका अहोरात्रात संपवावयाची आहे असे समजू. पहिल्या यंत्रावर २ हा आकडा लावावयाचा, दुसऱ्यावर ४८. चुकून पहिल्यावर ४८ लावला, तर चोवीस तासांचे मॉर्फिन एका तासात अंगात जाते.

अशा चुका प्रत्यक्ष घडल्या, आणि त्यांत मृत्यूही ओढवले. यंत्रांचे रंग वेगळे केले, चिठ्ठ्या चिकटवल्या, प्रशिक्षण दिले; तरी चूक करण्याची वाट यंत्रातच मोकळी राहिली. अखेर २०१० च्या डिसेंबरात ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने मिलिमीटरांची यंत्रे पाच वर्षांत वापरातून काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी मिलिलिटरांत गती दाखवणारी यंत्रे आणावीत, असा आदेश काढला. येथे यंत्र कधीही बिघडले नव्हते. त्याने सांगितले तेवढेच अंतर दट्ट्या सरकवला होता. थेंब हे माप पाहणाऱ्याला समजणारे होते. मिलिमीटर हे माप यंत्राला समजणारे होते. या भाषांतराचा भार रात्रपाळीतील थकलेल्या माणसावर टाकला गेला, हा रचनेचाच दोष होय.

(५) मोटारीवाचून पंप

शक्तीचा प्रश्न गौण होता याचा पुरावा म्हणून मोटार व बॅटरी या दोहोंवाचून चालणाऱ्या पंपांकडे पाहता येते. मिनेसोटा विद्यापीठात पेरी ब्लॅकशिअर व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या सुमारास शरीरात पुरावयाचा एक पंप रचला. धातूच्या पेटीत भात्याने अलग केलेले दोन कप्पे. एकात औषध, दुसऱ्यात शरीराच्या उष्णतेने वाफ होणारा द्रव. ती वाफ औषधाचा कप्पा दाबते व औषध बारीक नळीतून झिरपते. सुईने औषध पुन्हा भरले की वाफ दाबली जाऊन पुन्हा द्रवरूप होते, म्हणजे भरण्याच्या क्रियेतच यंत्राला चावी बसते. पण ज्वर चढला किंवा रोगी उंच डोंगरावर गेला की औषधाची गती वाढते.

रबरी फुग्याच्या ताणावर चालणारे पंप १९८० च्या दशकात पसरले. त्यांत फुगा दाब देतो आणि केसासारखी बारीक नळी गती ठरवते. पाण्याचा दाटपणा २० अंश सेल्सियसला १ मानला, तर ३७ अंशांना तो सुमारे ०.६९ होतो. म्हणून ती बारीक नळी रोग्याच्या त्वचेशी चिकटवून ठेवण्याची सूचना अशा पंपांबरोबर दिली जाते. ती सुटून थंड हवेत लोंबली तर औषध मागे पडते. येथे राखणदाराचे काम एका चिकटपट्टीकडे आले आहे.

(६) राखणदारांची पुनर्निर्मिती

वीजेवर चालणाऱ्या पंपाने गुरुत्वाकर्षणाची मर्यादा ओलांडली, तेव्हा गुरुत्वाकर्षणाने दिलेले संरक्षणही गेले. पंप अडथळ्याला जुमानत नाही. म्हणून दाब मोजणारी योजना हवी. तो हवाही ढकलू शकतो. म्हणून बुडबुडा ओळखणारी योजना हवी. नळी पंपातून काढताना ती उघडी राहिली तर सारा द्रव एकदम वाहून जातो. म्हणून आपोआप मिटणारी झडप हवी. यांतील प्रत्येक योजनेला स्वतःच्या मर्यादा आहेत. नळी व सिरिंज ताणल्या जाऊन १ मिलिलिटर द्रव पोटात घेऊ शकत असतील आणि गती तासाला १ मिलिलिटर असेल, तर अडथळ्याची घंटा वाजण्यास जवळजवळ तास लागेल. तेवढा वेळ रोगी औषधावाचून राहील; आणि अडथळा सुटताच साचलेले औषध एकदम आत जाईल. सुवाह्य पंपात गती अतिशय कमी असते, म्हणून हा धोका तेथेच अधिक. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने अशा पंपांच्या सुरक्षेच्या व अचूकतेच्या चाचण्या निश्चित केल्या, त्यांमागे हाच अनुभव होता.

सूक्ष्म संगणक पंपात आले तेव्हा आणखी एक थर वाढला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये जाहीर केले की, २००५ ते २००९ या पाच वर्षांत इन्फ्यूजन पंपांशी निगडित सुमारे ५६,००० अनिष्ट घटनांची नोंद झाली आणि ८७ वेळा पंप परत मागवावे लागले. दोषांत आज्ञावलीच्या चुका होत्या, फसव्या सूचना होत्या, आणि एकदा दाबलेली कळ दोनदा दाबल्याप्रमाणे नोंदली जाण्यासारख्या क्षुल्लक दिसणाऱ्या बाबीही होत्या. १ च्या जागी ११ ही संख्या कागदावर हसण्यावारी नेता येईल. शिरेत नेता येत नाही.

(७) पंपावाचून

या इतिहासाला एक दुसरी बाजू आहे, ती वगळल्यास विवेचन एकांगी होईल. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सीमेलगतच्या बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी उसळली. शिरेवाटे देण्याचा द्रव आणि तो देणारी प्रशिक्षित माणसे, दोन्ही अपुरी पडली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-सोड्याचे पाणी पिंपांतून वाटून ते रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजण्याचा मार्ग पत्करला, आणि त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांखाली राहिले. त्याचप्रमाणे, थॅलसेमियाच्या ज्या रोग्यांसाठी राइट यांचा पंप जन्मला, त्यांतील बहुसंख्यांना भारतात तो पंप व ते औषध परवडत नव्हते. १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या सिप्लाने डेफेरिप्रोन हे पोटात घ्यावयाचे औषध उपलब्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा मार्ग खुला झाला.

या दोन्ही घटनांत यंत्राचा पराभव पाहणे चुकीचे ठरेल. बेशुद्ध रोग्याला पाणी पाजता येत नाही, आणि डेफेरिप्रोन सर्वांस मानवत नाही. त्यांचे महत्त्व वेगळे आहे. बनगावात गतीचे नियमन तहानेने केले व राखण नातेवाइकाने केली. म्हणजे तेथेही राखणदार होतेच. केवळ ते यंत्रात नव्हते.

तात्पर्य, सुवाह्य पंपाच्या घडणीचे टप्पे मोटार, बॅटरी किंवा संगणक यांच्या आगमनाने पाडण्याऐवजी, प्रत्येक वेळी कोणती देखरेख मनुष्याकडून काढून यंत्राकडे दिली गेली या कसोटीने पाडणे अधिक सयुक्तिक आहे. या कसोटीने पाहता लट्टाची पिचकारी व आजचा खिशातील पंप एकाच प्रश्नाच्या दोन टोकांस उभे आहेत. १८३२ मध्ये वैद्य खोलीबाहेर गेला आणि उपचार थांबला. आज वैद्य कित्येक कोस दूर असतो आणि उपचार चालूच राहतो. चुकीचा असला तरी चालूच राहतो. पहिला दोष दूर करण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. दुसऱ्याचे निवारण हे आजच्या रचनाकाराचे काम आहे, आणि नवी रचना हाती घेण्यापूर्वी तिच्यामुळे कोणाची नजर रोग्यावरून दूर होणार आहे, हे त्याने प्रथम निश्चित करणे अगत्याचे आहे.